एका परंपरेचें वय

टोकियो शहराच्या गिन्झा पेठेंत, हमरस्त्याचा झगमगाट जेथें एकाएकीं ओसरतो अशा एका आडगल्लींत, तें दुकान होतें. दुकान म्हटलें तरी आठ माणसें शेजारीं शेजारीं बसतील एवढीच जागा. दारावर निळ्या कापडाचा आंखूड पडदा; आंत हिनोकी नांवाच्या सुवासिक लांकडाची एकच लांब, पांढुरकी, घासून गुळगुळीत केलेली फळी; फळीच्या अलीकडे आम्ही गिऱ्हाइकें आणि पलीकडे पांढरा अंगरखा घातलेला मालक. जेवणाऱ्यानें कांहीं मागावयाचें नसतें. मालक देईल तें, देईल त्या क्रमानें, आणि पुढ्यांत आल्याबरोबर खावयाचें असा तेथला शिरस्ता. या पद्धतीला 'ओमाकासे' म्हणतात. 'आपल्यावर सोंपविलें' एवढाच त्या शब्दाचा अर्थ. भाताचा लहानसा लांबट गोळा, त्यावर माशाचा एक तुकडा, आणि दोहोंमध्यें वासाबी नांवाच्या झणझणीत मुळाचा किंचित् लेप. मालकाचीं दोन बोटें भातावर दोनतीनदां टेकत, मनगट एकदां फिरे, आणि सुशीचा एक नग तयार होई. कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. देवळाच्या गाभाऱ्यांत माणूस जसा आपोआप आवाज उतरवितो, तसें तेथें सर्वांचें झालें होतें.

मला तेथें घेऊन जाणारे गृहस्थ तेथील एका विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकवितात. एका परिषदेच्या निमित्तानें आमचा परिचय झाला, आणि परिषद संपल्यावर त्यांनीं आग्रहानें मला जेवावयास नेलें. तिसरा कीं चौथा नग संपल्यावर ते माझ्याकडे किंचित् कलून हळूच म्हणाले, "हें सारें फार प्राचीन आहे. आपल्यासारख्या इतिहासाच्या माणसानें तें पाहावें, म्हणूनच आपणांस येथें आणलें." मीं मान डोलाविली. इतिहास शिकविणाऱ्याच्या कानीं 'फार प्राचीन' हे दोन शब्द पडले कीं 'म्हणजे केव्हांपासून?' असें विचारण्याची त्याला खोड असते. पण पाहुण्यानें यजमानाच्या ताटावर बसून तसें विचारणें बरें नव्हे. तो प्रश्न मीं मनांतच ठेवला, व घरीं परत आल्यावर जीं पुस्तकें मिळालीं त्यांत त्याचें उत्तर शोधीत बसलों. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख.

आधीं एक गोष्ट सांगून टाकतों. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यांतला. मासळी मला परकी नाहीं. सुकी, ओली, खारवलेली, सर्व प्रकारची मासळी मीं लहानपणापासून खाल्ली आहे. तथापि 'कच्ची मासळी' म्हटली कीं आमच्यासारख्या मासेखाऊ माणसाच्याहि पोटांत गोळा येतो, आणि त्या संध्याकाळीं तो आला होताच. परंतु चारपांच नग झाल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, यांतली निम्मीअधिक मासळी कच्ची नाहींच. कोहादा म्हणून आपल्याकडील तारलीसारखी एक चकचकीत लहान मासळी आहे, ती मिठांत घालून मग शिरक्यांत मुरविलेली होती. कोळंबी उकडलेली. वामेसारखा एक मासा गोडसर रसांत मऊ शिजविलेला. आपण ज्याला कुपा म्हणतों त्या माशाचा तांबडा तुकडा सोयाबीनच्या खारट रसांत भिजत ठेवलेला. शेवटीं अंड्याची जाड पोळी. ज्या पदार्थाची जगभर ख्याति कच्च्या मासळीबद्दल, त्याच्या जुन्या घराण्यांत कच्चें असें फार थोडें! येथेंच माझ्या प्रश्नाचा धागा मला सांपडला, असें आतां वाटतें.

सुशी या शब्दाचा मूळ अर्थ मासा असा नाहीं. 'आंबट' असा आहे. भातशेतीच्या प्रदेशांत पावसाळ्यांत मासे अमाप मिळतात आणि पुढें महिनेच्या महिने मिळत नाहींत. ते टिकवावयाचे कसे, या अडचणींतून ही युक्ति निघाली, आणि ती प्रथम आग्नेय आशियांत, मेकाँग नदीच्या खोऱ्याच्या आसपास निघाली असावी असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. मासा साफ करून मिठांत घालावयाचा, नंतर शिजविलेल्या भाताच्या थरांत दाबून वर दगड ठेवावयाचा. भात आंबतो, त्या आंबटपणानें मासा कुजत नाहीं, आणि महिन्यांनंतर तो काढून खातां येतो. भात मात्र लगदा होऊन गेलेला असतो. तो टाकून द्यावयाचा. म्हणजे ज्या भातावर आज सुशीवाल्यांचा सगळा अभिमान उभा आहे, तो भात आरंभीं केवळ बरणीसारखा उपयोगाचा होता. इ. स. ९२७ मध्यें पुऱ्या झालेल्या 'एंगिशिकि' या जपानी राजनियमांच्या संग्रहांत निरनिराळ्या प्रांतांनीं दरबारास द्यावयाच्या करवस्तूंमध्यें अशा मुरविलेल्या मासळीची नोंद आहे. बिवा सरोवराच्या कांठीं ही रीत अद्यापि चालू आहे. तेथील 'फुनाझुशी' वसंतांत मिठांत पडते, उन्हाळ्यांत भातांत जाते, आणि खाण्याजोगी होण्यास वर्ष किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो. तिच्या वासाचें वर्णन मी येथें करीत नाहीं. शाकाहारी वाचकांची तेवढी दया मला आहे.

पुढील कित्येक शतकांचा इतिहास एका वाक्यांत सांगतां येतो: लोकांना थांबवेना. भात पुरता आंबण्याच्या आधींच, महिन्या-दोन महिन्यांत मासा काढून भातासकट खाण्याची चाल पडली. नंतर भात आपोआप आंबण्याची वाटच कशास पाहावी, म्हणून त्यांत शिरका घालूं लागले. तेव्हां पेटींत भात व मासळी दाबून कांहीं तासांत वड्या कापतां येऊं लागल्या. ओसाकाकडे ही पेटीची सुशी आजहि आवडीनें खातात. वर्षाचे महिने झाले, महिन्यांचे तास झाले. तासांचा क्षण करणें तेवढें राहिलें होतें, आणि तें ज्या शहरांत झालें तें शहरच मुळीं उतावळें होतें.

तें शहर एदो. तोकुगावा इयेयासु १५९० सालीं तेथें आला तेव्हां तें खाडीच्या कांठचें एक सामान्य ठाणें होतें. १६०३ सालीं तो शोगुन झाल्यावर देशाची सत्ता तेथें गोळा झाली, आणि अठराव्या शतकांत त्याची वस्ती दहा लक्षांच्या वर गेली. सरदारांनीं आळीपाळीनें एदोंत येऊन राहिलें पाहिजे असा नियम असल्यानें त्यांच्याबरोबर हजारों शिपाई-कारकून बायकामुलें गांवीं ठेवून येत. शिवाय आगी. १६५७ च्या मोठ्या आगीनें शहराचा बहुतेक भाग जळाला, आणि त्यानंतरहि एदोंत आगी लागणें व घरें पुन्हा बांधणें हें चक्र कधीं थांबलेंच नाहीं. त्यामुळें सुतार, गवंडी, हमाल यांची रीघ लागलेली असे. १७२१ च्या शिरगणतींत केवळ नगरवासी लोक पांच लक्षांच्या वर भरले, आणि त्यांत पुरुष सुमारें तीन लक्ष तेवीस हजार व स्त्रिया एक लक्ष अठ्ठ्याहत्तर हजार. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकण-घांटावरून एकट्यानें आलेल्या कामगारांसाठीं खानावळी कां निघाल्या हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आंकड्यांचा अर्थ फोडून सांगावयास नको. चूल नसलेल्या त्या पुरुषांसाठीं रस्तोरस्तीं गाडे उभे राहिले; कोणी शेवयांसारखी सोबा विके, कोणी तळलेली मासळी, आणि कोणी सुशी.

भात मुठींत दाबून त्यावर मासा ठेवण्याची ही तऱ्हा हानाया योहेइ या माणसानें काढली असें सांगतात. तो १७९९ मध्यें जन्मला व १८५८ मध्यें वारला. र्‍योगोकु पुलाच्या बाजूस त्याचें दुकान होतें, आणि त्यापूर्वीं तो रात्रीं पेटी घेऊन दारोदार सुशी विकीत असे. कोणत्याहि लोकप्रिय पदार्थाचा एकच जनक असतो यावर माझा फारसा विश्वास नाहीं. पेटी दाबून बसण्यास वेळ नाहीं आणि समोर गिऱ्हाईक उभें आहे, अशा वेळीं हातानेंच गोळा दाबून देण्याची कल्पना अनेकांना सुचली असेल, व योहेइनें ती चांगली वठविली असेल. इतकें खरें कीं, १८२० नंतरच्या दशकांत ती रूढ झाली. १८२९ च्या एका विनोदी पद्यसंग्रहांत सुशी वळणाऱ्याच्या बोटांची तुलना मांत्रिकाच्या मुद्रांशीं केलेली आहे. म्हणजे ज्या हालचाली पाहून आम्ही गाभाऱ्यासारखे गप्प बसलों, त्या पाहून त्या काळचा एदोकर हंसत होता.

या पदार्थाच्या यशांत आणखी एका माणसाचा वाटा आहे, आणि तो खाणाऱ्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. ओवारी प्रांतांतील हान्दा गांवच्या नाकानो माताझाएमोन या दारू गाळणाऱ्यानें १८०४ च्या सुमारास दारूच्या उरलेल्या चोथ्यापासून शिरका करण्यास आरंभ केला. तांदळाच्या शिरक्यापेक्षां हा स्वस्त पडे. रंगानें तांबूस, चवीला किंचित् गोडसर. गलबतांतून तो एदोला जाऊं लागला, आणि गाड्यांवरचा भात त्यानेंच आंबट होऊं लागला. टाकाऊ चोथा नसता तर चार मोनांना सुशीचा नग मिळाला नसता, असें मला वाटतें. चार मोनांचें नाणें १७६८ पासून चालूं झालें होतें, त्यामुळें गाड्यावरचे भाव चारच्या पटींत असत. साध्या सोबाच्या वाडग्याला सोळा मोन पडत. नग मात्र आजच्या दुपटीहून मोठे होते. दोनतीन खाल्ले कीं पोटाला आधार होई. कितागावा मोरिसादा म्हणून ओसाकाकडचा एक मनुष्य एदोंत येऊन राहिला, व तेथील राहणीची बारीकसारीक टिपणें १८३७ पासून लिहीत गेला. एदोंत दर आळींत एकदोन सुशीवाले आहेत, असें तो नवलानें नमूद करतो.

गाड्यावरचें खाणें कसें होतें? कारागीर आंत बैठक मारून बसे आणि गिऱ्हाईक उभें असे. आजच्या नेमकें उलट. नग हातानें उचलावयाचा, सर्वांसाठीं ठेवलेल्या एकाच वाडग्यांतील सोयाच्या रसांत बुडवावयाचा, तोंडांत टाकावयाचा आणि चालूं लागावयाचें. जातांना बोटें दारावरच्या पडद्याला पुसावयाचीं. ज्याचा पडदा अधिक मळका त्याचा माल अधिक चांगला, असें म्हणत. बर्फ नव्हतें. म्हणून एदोच्या खाडींत सकाळीं धरलेली मासळी संध्याकाळपर्यंत टिकविण्यासाठीं मीठ, शिरका, सोया आणि उकळतें पाणी हीं चार साधनें. माझ्या पानांत पडलेला तो मुरविलेला कोहादा आणि ती उकडलेली कोळंबी हीं त्या गरजेचीं अपत्यें होत. कुप्याची तर गाड्यावरहि पत नव्हती. तो सोयांत बुडवून खपवूं लागले तें एका हंगामांत तो अतोनात सांपडला व मातीमोल झाला म्हणून. त्याच्या पोटाखालचा चरबीचा भाग तर फेंकूनच देत. मांजरहि ओलांडून जाईल असें त्याचें वर्णन करीत. टोकियोच्या नव्या मासळीबाजारांत २०१९ च्या जानेवारींतील पहिल्या लिलांवांत २७८ किलो वजनाचा एक कुपा ३३ कोटी ३६ लक्ष येनांना गेला, हें या संदर्भांत वाचण्यासारखें आहे.

गाड्यांबरोबरच श्रीमंतांचीं दुकानेंहि निघालीं होतीं, हें मात्र विसरतां कामा नये. योहेइचें दुकान व फुकागावा बाजूचें माचुनोझुशी हीं महागाईबद्दल गाजलेलीं होतीं. १८४१ पासून मिझुनो तादाकुनि या मंत्र्यानें उधळपट्टीविरुद्ध जो बडगा उगारला, त्यांत महाग सुशी विकल्याबद्दल योहेइसकट कित्येक दुकानदारांच्या हातांत बेड्या पडल्या. मिझुनो १८४३ मध्यें पदच्युत झाला, आणि सुशी पुन्हा महाग झाली. खाण्यापिण्यावर फर्मान काढणाऱ्या राज्यकर्त्यांच्या नशिबीं सर्वत्र हेंच लिहिलेलें असतें.

१८६८ सालीं राज्यक्रान्ति होऊन एदोचें टोकियो झालें. बर्फाच्या पेट्या हळूहळू आल्या, कच्ची मासळी भातावर दिसूं लागली. पण गाडे होतेच. त्यांचें अखेरचें चित्र मला इतिहासग्रंथांत न मिळतां एका लघुकथेंत मिळालें. शिगा नाओया या नामवंत लेखकानें १९२० सालीं लिहिलेली ही कथा जपानांत शाळकरी मुलांनाहि माहीत असते. कांदा पेठेंतील तराजूच्या दुकानांत उमेदवारी करणारा सेन्किचि नांवाचा एक पोर. वरच्या नोकरांच्या तोंडीं कुप्याच्या सुशीच्या गोष्टी ऐकून त्याच्या तोंडाला पाणी सुटतें. ट्रामच्या भाड्यांतून, एका बाजूस पायीं चालून, तो चार सेन वांचवितो आणि गाड्यावर जाऊन कुप्याचा एक नग उचलतो. मालक सांगतो, एकाला सहा सेन. पोर मुकाट्यानें नग परत ठेवतें व पडद्याबाहेर निघून जातें. हात लावलेला माल विकतां येत नाहीं. मालक कुरकुरत तो आपल्याच तोंडांत टाकतो.

हें सारें पाहणारा एक तरुण वरिष्ठ सभागृहाचा सभासद आहे. तो तेथें आला आहे कशासाठीं? एका मित्रानें त्याला सांगितलें आहे कीं, सुशीची खरी चव गाड्यावर उभें राहून, हातानें उचलून खाल्ल्यावांचून कळत नाहीं! १९२० सालीं रसिकांची 'अस्सल परंपरा' म्हणजे गाडा होता. आज ती हिनोकीची फळी झाली आहे. रसिकता तीच, वस्तु तेवढी बदलली. पुढें तो सभासद कांहीं निमित्तानें त्या मुलाला पोटभर सुशी खाऊं घालतो, आपलें नांव लपवितो, आणि एवढें सत्कृत्य करूनहि त्याला एक चमत्कारिक खिन्नता जडते. इकडे मुलाला वाटतें, हा कोणी देवच असला पाहिजे. कथेच्या शेवटीं लेखक स्वतः पुढें येऊन सांगतो कीं, मुलगा त्या माणसाचा पत्ता काढीत जातो व तेथें त्याला देवाचें देऊळ आढळतें असें लिहिण्याचें माझ्या मनांत होतें. पण तसें करणें मुलाच्या बाबतींत निष्ठुरपणाचें होईल, म्हणून येथेंच थांबलों. मला ही कथा वाचल्यापासून गिन्झांतील त्या जेवणाची आठवण कांहींशी अवघड होऊन बसली आहे. आमच्या फळीपाशीं भावाची पाटीच नव्हती. त्यामुळें नग परत ठेवण्याचा प्रसंग कोणावर येण्याचा संभव नव्हता. ज्याला विचारावें लागतें तो तेथपर्यंत पोंचतच नाहीं.

१ सप्टेंबर १९२३ रोजीं दुपारीं बाराच्या आंत दोन मिनिटें असतां टोकियोंत भूकंप झाला. घरोघर चुली पेटलेल्या होत्या. भूकंपापेक्षां आगीनें अधिक माणसें मेलीं. एकंदर मृतांची संख्या एक लक्षाच्या वर गेली. निहोनबाशीचा जुना मासळीबाजार जळाला, व पुढें त्सुकिजीच्या भरावावर नवा बाजार उभा राहिला. दुकानें-गाडे गमावलेले पुष्कळ सुशीकारागीर आपआपल्या गांवीं परतले आणि तेथें एदोच्या तऱ्हेची सुशी वळूं लागले. एका शहराचें खाणें देशाचें खाणें होण्यास असा आरंभ झाला. उभ्यानें खाण्याची फळी दुकानांच्या आंत आली, तिच्यापुढें बैठकी आल्या, कारागीर उभा राहूं लागला. रस्त्यावरचे गाडे रहदारीच्या व आरोग्याच्या नियमांपुढें दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे नाहींसे झाले.

यानंतरची घटना या सगळ्या इतिहासांत मला सर्वांत विलक्षण वाटते. युद्ध संपलें तेव्हां जपानांत अन्नाची दुर्दशा होती. तांदूळ नियंत्रणाखालीं. मुंबईंत १९४३ मध्यें रेशन सुरू झाल्यावर घरोघर काय हाल झाले तें आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे. पराभूत, बेचिराख टोकियोची स्थिति त्याहून किती वाईट असेल याची कल्पना करावी. १९४७ च्या जुलैंत सरकारनें हुकूम काढून बहुतेक सर्व खाणावळी बंद केल्या. सुशीवाल्यांचा धंदाच बुडाला. तेव्हां टोकियोच्या सुशीवाल्यांनीं अधिकाऱ्यांपुढें एक युक्तिवाद मांडला: आम्ही अन्न विकीत नाहीं, गिऱ्हाइकानें आपला तांदूळ आणावा, आम्ही त्याची सुशी करून द्यावी, आणि केवळ मजुरी घ्यावी. गिरणीवाला दळण दळून देतो तसें. तें मान्य झालें. एक 'गो' तांदूळ, म्हणजे मापानें १८० मिलिलिटर, द्यावा व दहा नग घ्यावे, असें प्रमाण ठरलें. मासळीहि नियंत्रणाखालीं होती, म्हणून नियंत्रणाबाहेर जे शिंपले, गोड्या पाण्यांतील मासे वगैरे मिळतील ते भातावर ठेवीत. इतर शहरांतील सुशीवाल्यांनाहि धंदा चालवावयाचा तर हीच सवलत मागणें प्राप्त होतें. आणि ज्या प्रकाराला सवलत होती तो एदोचा मुठींतला. अशा रीतीनें पेटीच्या सुशीच्या मुलखांतहि तो पसरला.

आज एका माणसाची सुशी म्हणून सामान्यतः दहाच्या जवळपास नग येतात, आणि नगाचा आकार पूर्वींच्या निम्म्याहून लहान झाला आहे, त्याचें मूळ या वाटींत आहे असें सांगतात. गिन्झांतल्या मालकाच्या हातांतील तो नाजूक गोळा पाहून मला जी सौंदर्यदृष्टि वाटली, तिच्यांत एका उपाशी वर्षाचें माप मिसळलेलें होतें!

पुढचें सर्वांस थोडेंबहुत ठाऊक आहे. १९५८ सालीं शिराइशि योशिआकि यानें ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरचें पहिलें सुशीचें दुकान काढलें. बीअरच्या कारखान्यांतील सरकत जाणाऱ्या बाटल्या पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. १९७२ मध्यें कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे कुपे विमानानें त्सुकिजीच्या बाजारांत येऊन पोंचले, आणि 'एदोच्या पुढची खाडी' हे शब्द केवळ नांवापुरते उरले. मांजरहि ओलांडून जाईल तो चरबीचा भाग शीतपेट्यांच्या युगांत सर्वांत महाग ठरला. गिऱ्हाइकानें कांहीं न मागतां सर्व मालकावर सोंपविण्याची पद्धत तर गेल्या चाळीसपन्नास वर्षांतच एवढी बोकाळली. गिन्झांतील ओनो जिरो या कारागिराच्या दहा बैठकींच्या दुकानाला २००७ मध्यें फ्रेंच मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. २०१४ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष तेथें जेवले. आणि सर्वसामान्य माणसाला तेथें जागा राखून मिळत नाहीं या कारणावरून २०१९ मध्यें त्याच मार्गदर्शिकेनें तें नांव वगळलें. त्सुकिजीचा घाऊक बाजारहि २०१८ च्या ऑक्टोबरांत तोयोसु येथें हलला.

तेव्हां माझ्या यजमानांच्या 'फार प्राचीन' या शब्दांचा हिशेब असा लागतो: आंबट भात हजार वर्षांहून जुना, मुठींतला नग दोनशें वर्षांचा, बसून खाण्याची फळी जेमतेम शंभर, दहा नगांचें माप १९४७ चें, आणि ज्या स्तब्धतेनें मी दिपून गेलों ती माझ्याहून फारशी वडील नाहीं. हें वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळा बनावच. तसें मी म्हणत नाहीं. त्या मालकाच्या बोटांतील कसब बनावट नव्हतें. तें येण्यास आयुष्य खर्चावें लागतें, हें माझ्यासारख्या अडाण्यालाहि दिसत होतें. परंतु स्त्रियांचे हात उष्ण असतात म्हणून त्यांना सुशी वळतां येत नाहीं, असें जेव्हां परंपरेच्या नांवावर सांगतात, तेव्हां वय विचारण्याची ती माझी खोड मला अस्थानीं वाटत नाहीं. आपल्या घरांतहि 'पूर्वापार' म्हणून जें चालतें त्याची पत्रिका कोणी मांडीत नाहीं.

हा हिशेब मीं यजमानांस पत्रानें कळविला. त्यांचें उत्तर सौजन्याचें होतें. रेशनची हकीकत त्यांना ठाऊक होती. किंबहुना त्यांच्या आजीनें तांदळाची पुरचुंडी घेऊन दुकानासमोर रांग लावल्याचें त्यांनीं लहानपणीं ऐकलें होतें. "पण तें आम्ही पाहुण्यांना सांगत नाहीं," असें त्यांनीं लिहिलें होतें.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळीं मी एकटाच हिंडत होतों. एका रेल्वेस्टेशनाच्या पुलाखालीं उभ्यानें खाण्याचें सुशीचें दुकान दिसलें. अशीं दुकानें टोकियोंत अद्यापि आहेत. आंत शिरलों. भिंतीवर भावांच्या पाट्या होत्या. मला वाचतां येत नसल्यानें बोट दाखवून नग मागितले. कोहादा येथेंहि होता, आणि खरें सांगावयाचें तर गिन्झांतल्यापेक्षां तो अधिक आंबट व अधिक खारट होता. मला तो अधिक आवडला. माझ्या शेजारीं शाळेचा गणवेश घातलेला, पाठीवर दप्तर असलेला एक मुलगा उभा होता. त्यानें पाट्या एकदां वाचल्या, खिशांतलीं नाणीं तळहातावर काढून मोजलीं, पाट्या पुन्हा वाचल्या, आणि कुप्याचा एक नग मागितला. तो हातानें उचलून त्यानें एका घांसांत खाल्ला, गरम चहाचा पेला रिकामा केला, नाणीं फळीवर ठेवलीं आणि गाडी पकडण्यासाठीं धांवत गेला.